‘ती ट्यूब द्या ना ताई’

पहिला पाऊस पडून गेला, शेतात तरवा, म्हणजे भाताची रोपं, हिरवा दिसायला लागला की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर लोक पाय, बोटं, कोपरं, पोरांची नाकं असं सगळं दाखवायला यायला लागतात आणि हे थेट गणपती होईपर्यंत चालतं. लावणीला दिवसभर चिखलात उभं राहून बायकांच्या पायाच्या बोटांमधे चिखल्या झालेल्या असतात, होडीवर जाणाऱ्यांच्या हाताला माशाचा काटा लागलेला असतो, पोरांनी डास चावलेलं खाजवून खाजवून फोड करून ठेवलेले असतात, आणि सगळ्यांचं मागणं मात्र एकच, "ताई, ती ट्यूब द्या ना." कुठली विचारलं तर "ती हो, लाल-पांढरी", "मागच्या वर्षी वहिनीने नेलेली ती", नाहीतर खिशातून पार पिळून चपटी झालेली, नाव पुसून गेलेली ट्यूब निघते आणि ती माझ्यापुढे ठेवतात.

माझं मेडिकल देवगड-मालवण पट्ट्यातल्या एका खाडीकाठच्या गावात आहे. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, तेव्हा हे वाचून स्वतःच स्वतःला औषध देऊ नका. डॉक्टरने चिठ्ठीत मलम लिहून दिलं की घरी गेल्यावर त्याचं काय करायचं आणि काय नाही, एवढ्यापुरतं वाचा. कारण डॉक्टर लिहितात "दिवसातून तीनदा, पाच दिवस", आणि घरी पोचेपर्यंत त्याचं "आठवेल तेव्हा, बरं वाटेपर्यंत" झालेलं असतं.

आधी ह्या ट्यूबांमधे असतं काय ते सांगते. ढोबळमानाने चार जाती. एक बॅक्टेरियावर चालणारी, म्हणजे अँटिबायोटिक, त्यात म्युपिरोसिन, फ्युसिडिक अॅसिड आणि आपल्याकडे घरोघरी असलेलं फ्रॅमायसेटिन, ज्याला सगळे सोफ्रामायसिन म्हणूनच ओळखतात. दुसरी बुरशीवरची, नायट्या-गजकर्णाची. तिसरी स्टेरॉइडची, ती खाज आणि सूज दाबते पण जंतू मारत नाही. आणि चौथी म्हणजे ह्या तिघींची खिचडी, तिच्याबद्दल पुढे बोलणारच आहे, कारण सगळ्यात जास्त वाट तिनेच लावलीय. दिसायला चारही जवळपास सारख्याच, तीच अॅल्युमिनियमची ट्यूब, तोच पांढरा मलम, म्हणून रंगावरून ओळखायच्या भानगडीत पडू नका, नाव वाचा, नाव पुसलं असेल तर टाकून द्या.

आता मलम कुठे खरंच काम करतं ते. मागच्या पावसात एक आजी नातवाला घेऊन आल्या, "गो बाय, ह्येच्या नाकाखाली बघ काय झालां तां, हळद लावतंय पण उतरूक नाय." पोराच्या नाकाखाली आणि हनुवटीवर बारीक फोड फुटून त्यावर गुळाच्या पाकाच्या रंगाच्या ओलसर खपल्या धरलेल्या, कडेने थोडी लाली, पोरगं बाकी मजेत, ताप नाही, आणि एका बोटाने खपली खरवडून तेच बोट मानेवर नेतंय. ह्याला डॉक्टर इम्पेटायगो म्हणतात. बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू असतो, कधी स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस, कधी दोघं मिळून. हे दोघं त्वचेच्या अगदी वरच्या थरात बसलेले असतात, म्हणून वरून लावलेलं मलम त्यांच्यापर्यंत पोचतं. जागा थोडी असेल, पोर बाकी ठीक असेल, तर पोटात गोळी न देता नुसत्या मलमाने भागतं. मी आजींना आरोग्य केंद्रात पाठवलं, तिथून त्या म्युपिरोसिन २ टक्केची चिठ्ठी घेऊन परत आल्या.

आणि मग खरी शिकवणी सुरू झाली, कारण मलम लावणं हे लोकांना वाटतं तेवढं सोपं नाहीये. खपलीवर मलम लावलं तर ते खपलीलाच लागतं, खालच्या जंतूंना काही कळतसुद्धा नाही. म्हणून आधी कोमट पाण्यात स्वच्छ सुती कापड भिजवून ते खपलीवर थोडा वेळ धरून ठेवायचं, खपली मऊ झाली की साध्या साबण-पाण्याने हळूच पुसून काढायची, जी निघत नाही ती ओढायची नाही, रक्त काढायचं नाही. मग ती जागा टिपून कोरडी करायची, चोळायची नाही. आपले हात साबणाने धुवायचे. मग बोटावर थोडंसं मलम घेऊन जागेवर आणि कडेच्या चिमूटभर चांगल्या त्वचेवर पातळ लावायचं. पातळ म्हणजे पातळ, पांढरा थर दिसायला नको. आमच्याकडे समज असा की जेवढं जाड तेवढं लवकर बरं, आणि घरी पोराचं तोंड गणपतीला चुना काढल्यासारखं रंगवून ठेवतात, त्यातलं निम्मं उशीला लागतं आणि निम्मं जिभेवर जातं. लावून झाल्यावर परत हात धुवायचे, हे सगळे विसरतात. आणि ट्यूबचं तोंड जखमेला टेकवायचं नाही, कारण मग तोच जंतू ट्यूबच्या तोंडाशी बसतो आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही तो परत लावता.

म्युपिरोसिन साधारण दिवसातून दोनदा किंवा तीनदा, पाच दिवस, कधी डॉक्टर सांगतील तर दहा दिवसांपर्यंत. तीन ते पाच दिवसांत काहीच फरक दिसला नाही तर आणखी मलम थापायचं नाही, परत दाखवायचं, कारण मग एकतर जंतू त्या औषधाला दाद देत नाहीये किंवा मुळात तो आजारच वेगळा आहे. आणि उलट बाजूने, दुसऱ्या दिवशी लाली उतरली, खपली सुकली म्हणून थांबायचं नाही. आमच्याकडे हेच होतं, पोर दिसायला बरं झालं की ट्यूब देव्हाऱ्याच्या शेजारच्या फळीवर, व्हिक्सच्या डबीजवळ, आणि मग पुढच्या वर्षी ती भावाच्या पोराला, नंतर शेजारच्या काकींच्या टाचेला, मग कोंबडीच्या पायालासुद्धा. हसू नका, मी स्वतः ऐकलंय हे.

ह्या औषधांची गंमत सांगते. म्युपिरोसिन हे स्यूडोमोनास फ्लुओरेसन्स नावाच्या एका बॅक्टेरियाने बनवलेलं रसायन आहे, म्हणजे एका जंतूचं हत्यार आपण दुसऱ्या जंतूवर वापरतो. स्टॅफिलोकोकसला प्रोटीन बनवायला जो एक एन्झाइम लागतो त्यालाच ते अडकवून ठेवतं, प्रोटीन बनत नाही म्हणजे जंतूची वाढ थांबते. ब्रिटनमधे १९८५ च्या सुमारास ते बाजारात आलं. फ्युसिडिक अॅसिड त्याहून जुनं, १९६२ सालापासून वापरात आहे, ते एका बुरशीपासून मिळालेलं, डेन्मार्कच्या कंपनीने आणलेलं. ही दोन्ही औषधं आपल्या नेहमीच्या गोळ्यांच्या घराण्यातली नाहीत, म्हणून ती जपून ठेवण्यासारखी आहेत. जपली नाहीत तर काय होतं ते न्यूझीलंडने बघितलंय. तिथे १९९१ पासून म्युपिरोसिन चिठ्ठीशिवाय दुकानातून मिळायला लागलं, लोक बोट कापलं तरी लावायला लागले, आणि नव्वदच्या दशकात त्याला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस वाढत गेला, शेवटी २००० साली ते परत चिठ्ठीवर आणावं लागलं. मग तिथले डॉक्टर फ्युसिडिक अॅसिडकडे वळले आणि मग त्याला न जुमानणारे जंतू वाढले. मी एका बाजारपेठेतल्या छोट्या दुकानातून हे लिहितेय पण चिठ्ठी मागितल्यावर "ताई, मलमच तर आहे, गोळी थोडीच मागतोय" म्हणून जे माझ्यावर रागावतात त्यांना मला हीच गोष्ट सांगावीशी वाटते. लावायचं मलम असलं तरी ते अँटिबायोटिकच आहे. त्या ट्यूबवर किंवा खोक्यावर लाल उभी रेघ असेल तर ते चिठ्ठीचं औषध आहे, सरकारने २०१६ मधे ह्या लाल रेघेची जाहिरातही केली होती, पण रेघ बघतो कोण. चिठ्ठी मागितली की काही लोक सरळ निघून जातात आणि दुसरीकडे मिळतंही त्यांना, तो भाग वेगळा.

इम्पेटायगो पसरतो तो टॉवेलमुळे, हे एक. आणि आमच्याकडे पावसाळ्यात टॉवेल हा प्रकारच वाईट. सिंधुदुर्गात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, चार-चार दिवस ऊन दिसत नाही, पडवीतल्या दोरीवर सगळ्यांचे कपडे टांगलेले, चुलीच्या धुराचा वास येणारे आणि हात लावला तर अजून दमट, आणि घरात दोन टॉवेल, सहा माणसं. ज्याला फोड आलेत त्याचा टॉवेल, उशीचा अभ्रा, गंजी वेगळं धुवा, गरम पाण्याने, आणि सुकत नसेल तर इस्त्री फिरवा, लाइट असेल तेव्हा. पोराची नखं कापा. शाळेत कधी पाठवायचं ते डॉक्टर सांगतील, पण मलम सुरू होऊन निदान एक दिवस तरी व्हायला हवा आणि फोड झाकलेले हवेत. आणि घरात दोघा-तिघांना एकदम झालं असेल, किंवा हात, पाय, पोट सगळीकडे पसरलं असेल, तर मलमाने भागत नाही, तोंडावाटे औषध लागतं.

एक गोष्ट क्वचित होते पण पालकांना माहीत असावी. स्ट्रेप्टोकोकसने झालेल्या फोडांनंतर तीन ते सहा आठवड्यांनी काही मुलांच्या किडनीला सूज येते. फोड तर कधीच बरे झालेले असतात. सकाळी डोळ्यांखाली सूज दिसते, लघवी काळ्या चहाच्या रंगाची होते, कमी होते. अशावेळी "उन्हाने झालं असेल" म्हणून कोकम सरबत पाजत बसू नका, त्याच दिवशी दाखवा आणि मागे फोड आले होते हे डॉक्टरला आठवणीने सांगा, ते स्वतःहून विचारतीलच असं नाही.

आता ती खिचडी. ह्याच्यावर मला मनापासून राग आहे म्हणून जरा लांबेल. एकाच ट्यूबमधे स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध, कधी चार-चार औषधं, स्टेरॉइडपैकी बऱ्याचदा क्लोबेटासोल, जे सगळ्यात जोरदार स्टेरॉइडांपैकी एक आहे. लोकांना हे आवडतं कारण पहिल्याच रात्री खाज थांबते. जांघेत नायटा झालेला असतो, दिवसभर भिजलेली चड्डी घालून काम, घाम, रात्री झोप नाही, आणि ही ट्यूब लावली की सकाळी एकदम शांत. मग माणूस म्हणतो ह्यासारखं औषध नाही. स्टेरॉइडने लाली आणि खाज दाबली, पण बुरशी खाली आरामात वाढत राहिली, ट्यूब बंद केली की चार दिवसांत दुप्पट जोराने वर आली, मग परत ट्यूब. महिनोन्महिने हे चाललं की नायट्याची नेहमीची गोल कड पुसली जाते, चट्टा कुठे सुरू होतो कुठे संपतो कळत नाही, डॉक्टरही चक्रावतात. त्वचा पातळ होते, जांघेत पांढऱ्या-लाल रेघा पडतात आणि त्या जात नाहीत. आमच्याकडे एक तरुण मुलगा, ट्रॉलरवर जाणारा, दुसऱ्या एका दुकानातून घेतलेली अशी ट्यूब वर्षभर लावत होता, त्याने पँट थोडी खाली करून दाखवलं तेव्हा मी काउंटरच्या मागून बाहेर आले आणि त्याला सरळ म्हटलं, भाऊ, कणकवलीला स्किनच्या डॉक्टरकडे जा, आजच जा, मी तुला काही देणार नाही. चेहऱ्यावर लावणाऱ्या मुली तर वेगळंच प्रकरण, गोरं व्हायला म्हणून लावतात आणि मग चेहरा लाल, फोड, चेहऱ्यावर केस, आणि थांबवलं की भडका. सरकारने २०१८ मधे अशा लावायच्या स्टेरॉइडांपैकी बऱ्याच औषधांना शेड्युल एच मधे टाकलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. कागदावर तरी.

बॅक्टेरियाच्या फोडावर ही ट्यूब लावली तर काय होतं? स्टेरॉइड त्वचेची राखण करणाऱ्या पेशींनाच गप्प करतं. फोड वरून निवलेला दिसतो, खाली पू वाढत राहतो. म्हणून ट्यूब घेताना पाठचं बारीक अक्षर वाचा, म्हातारे असाल तर नातवाकडून वाचून घ्या, नावात क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन असं काही दिसलं की डॉक्टरने तुमचं अंग बघूनच दिलंय ना, एवढं एकदा विचारा.

चिखल्यांनाही लोक अँटिबायोटिकच मागतात. बोटांच्या बेचक्यात पांढरी फुगलेली सालं, भेगा, वास. ते मुळात ओलीचं दुखणं आहे, त्यात बुरशी असते आणि वर बॅक्टेरियाही येऊन बसतात. फक्त अँटिबायोटिक चोळून काही होत नाही, संध्याकाळी पाय धुवून बेचके कोरडे करणं हे निम्मं औषध, बुरशीचं मलम डॉक्टर देतात ते उरलेलं. पण चिखल्या हलक्यात घेऊ नका कारण त्या भेगेतूनच जंतू आत जातात आणि मग पाय सुजून घोट्यापर्यंत लाल होतो. शिवाय पावसात शेतात लेप्टोस्पायरोसिसची भीती असते, उंदराच्या मुताने घाण झालेल्या पाण्यातून तो जंतू फुटलेल्या त्वचेवाटे शिरतो, आणि तिथे कुठलंही मलम कामाचं नाही. आरोग्य केंद्रातून डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात त्या त्यासाठीच, त्या घेऊन पोह्याच्या डब्यात ठेवायच्या नसतात.

फ्रॅमायसेटिन आणि निओमायसिन ह्या दोन औषधांबद्दल एक सांगते. फ्रॅमायसेटिन म्हणजे निओमायसिनचाच एक भाग, निओमायसिन बी. ह्यांची काही लोकांना अॅलर्जी होते आणि ती अॅलर्जी जखम चिघळल्यासारखीच दिसते, लाल, खाज, पाणी सुटतंय. मग माणूस काय करतो, आणखी लावतो. अमेरिकेतल्या त्वचेच्या डॉक्टरांच्या एका संघटनेने २०१० साली निओमायसिनला त्या वर्षीचा नंबर एकचा अॅलर्जेन म्हणून निवडलं होतं. तेव्हा मलम लावून खाज वाढत असेल, आणि जिथे मलम लागलंय तेवढ्याच जागेची कड लाल दिसत असेल, तर थांबवा आणि दाखवा. निओमायसिनची पावडर मोठ्या उघड्या जखमेवर, भाजलेल्या जागेवर ढीगभर टाकू नका, ते अंगात शिरून कानाला, किडनीला त्रास देऊ शकतं. म्युपिरोसिनच्या मलमाचंही तसंच, औषध ज्यात कालवलेलं असतं त्या बेसमधे पॉलिएथिलीन ग्लायकॉल नावाचं रसायन असतं, किडनी कमजोर असलेल्या माणसाच्या मोठ्या उघड्या जखमेवर ते नको.

साधं कापलं, कोयती लागली, नारळ सोलताना सोलण्याचं टोक लागलं, आणि जखम स्वच्छ आहे तर अँटिबायोटिक मलम लागतच नाही बहुतेक वेळा. वाहत्या पाण्याखाली नीट धुवा, साबण लावा, रक्त दाबून थांबवा, साधं पेट्रोलियम जेली लावून झाका, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते बघा. १९९६ साली अमेरिकेत त्वचेच्या छोट्या ऑपरेशनच्या स्वच्छ जखमांवर नऊशेहून जास्त पेशंटमधे साधं पेट्रोलियम जेली आणि अँटिबायोटिक मलम असं ताडून बघितलं होतं, जंतुसंसर्गात म्हणण्यासारखा फरक पडला नाही आणि अॅलर्जी झाली ती मलमवाल्यांना. आमच्याकडे जखमेवर हळद, कॉफी, मशेरी, तंबाखू, काय काय टाकतात, आणि मग ड्रेसिंग करणारी सिस्टर चिमट्याने तासभर ते काढत बसते.

मे महिन्यातली गळवं ही वेगळी जात. आंबे खाल्ले की गळू उठतं असं सगळेच म्हणतात. गळू उठवतो तो स्टॅफिलोकोकस, पण मे महिन्यात घाम, घामोळं, बागेत काम करताना अंगावर उडालेला आंब्याचा चीक, त्याने जळलेली त्वचा, खाजवणं, हे सगळं जंतूला वाट करून देतं, म्हणून हापूस बिचारा बदनाम. गळवाचा पू खोल असतो, वरून लावलेलं मलम तिथे जातच नाही, ट्यूबचा खर्च वाया. स्वच्छ कापड गरम पाण्यात बुडवून, पिळून दिवसातून तीन-चारदा शेक द्यायचा, बरंचसं आपोआप पिकून फुटतं. भाजक्या कांद्याचं पोटीस बांधणाऱ्या आजींचं अर्ध बरोबर आहे, गरम शेक तर मिळतोच, फक्त फुटलेल्या गळवावर कांदा बांधू नका. मोठं असेल तर डॉक्टर चीर देऊन पू काढतात, तेच खरं औषध. दाबून फोडायचं नाही, आणि नाक ते वरचा ओठ ह्या भागातलं तर अजिबात नाही, तिथलं रक्त मेंदूच्या बाजूला जातं. वारंवार गळवं येत असतील तर साखर तपासा. साधारण तीनातल्या एका माणसाच्या नाकात हा स्टॅफिलोकोकस आरामात राहत असतो, म्हणून डॉक्टर कधी कधी नाकात लावायचं म्युपिरोसिन देतात, पण ते वेगळं असतं आणि त्यांनी सांगितल्यावरच, त्वचेची ट्यूब नाकात, डोळ्यात घालायची नाही.

मासळीवाल्यांसाठी शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. पापलेटचा काटा, कोळंबीचं टोक, खेकड्याचा नांगा, शेंगाळ्याचा काटा लागला तर खाडीच्या पाण्यातले जंतू आत जातात, ते नेहमीचे नसतात. व्हिब्रिओ नावाचा एक आहे, कोमट खाऱ्या आणि मचूळ पाण्यात राहणारा. ज्यांना लिव्हरचा आजार आहे, दारू जास्त आहे, डायबिटीस आहे त्यांच्यात तो काही तासांत हात काळा-निळा करून टाकतो. मलम लावून रात्रभर वाट बघायची ही वेळच नसते. काटा लागल्यावर हात वेगाने सुजत असेल, दुखणं दिसतंय त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त असेल, जांभळे फोड येत असतील, ताप असेल तर गाडी काढा, रात्रीचे दोन वाजले तरी. उलट काही जंतू इतके हळू चालतात की काटा लागून गेल्यावर आठवड्यांनी बोटावर गाठ येते, फुटते, परत येते. ती गाठ महिनाभर सोफ्रामायसिनने जाणार नाही, तिची तपासणीच करावी लागते.

बाकी साध्या जखमेतही कधी पळायचं, तर लाली पसरत चालली, हात लावला तर गरम आणि दुखतं, ताप आला, लाल रेघ वर चढतेय, काखेत-जांघेत गाठ आली. बॉलपेनने लालीच्या कडेने रेघ मारून ठेवा, सकाळी लाली रेघेच्या बाहेर गेली तर डॉक्टर. तान्हं बाळ असेल तर रेघबिघ काही नाही, लगेच. आणि फोटो काढा रोज, एकाच उजेडात, ह्याने आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला मी सांगण्यापेक्षा जास्त कळतं. बाळाला दूध पाजणाऱ्या आईने स्तनाग्राच्या भेगेवर मलम लावलं असेल तर पाजायच्या आधी ते पुसून, धुवून घ्यावं.

आता ट्यूबा. प्रत्येकाची वेगळी ठेवा, खोक्यावर नाव आणि उघडल्याची तारीख पेनाने लिहा, खोकं फेकू नका कारण सगळी माहिती त्यावरच असते. एक्सपायरी झालेली, उन्हात वितळून पाणी सुटलेली ट्यूब टाका. गावाकडे हे जास्त होतं, कारण दर गणपतीला चाकरमानी मुंबईहून येतात आणि जाताना बॅगेतल्या अर्ध्या-अर्ध्या ट्यूबा "असू देत हो आजी, उपयोगाला येतील" म्हणून ठेवून जातात, त्यात खिचडीवाली एक तरी असतेच. तर यंदा येताना ती पिशवी मुंबईतच राहू द्या, आणि त्या जागी आजीसाठी पाच-सहा पातळ, लवकर सुकणारे पंचे आणा.